चालतं मशीन भंगारात काढायला सांगणारे तुम्ही कोण?

पोस्ट मोठी आहे. गौरी-गणपतीच्या गडबडीतून सवड मिळेल तेव्हा वाचा. पण शाळा व्यवस्थापन समितीत असाल, ग्रामपंचायतीत असाल, किंवा घरी चार-पाच वर्षांचा कॉम्प्युटर असेल, तर वाचाच.

२०२१ मध्ये गौरीजेवणाच्या दिवशी, ऐन दुपारी, एक ताई दुकानात आल्या. त्यांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं लहानसं केंद्र आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, असली कामं. बसायच्या आधीच म्हणाल्या, "दादा, माझा कॉम्प्युटर ऑक्टोबरमध्ये बंद पडणार म्हणे?" त्यांना कुणीतरी दुकानदाराने सांगितलं होतं की नवीन विंडोज येतंय, तुमच्या मशीनवर ते चालत नाही, ऑक्टोबरपासून जुनं बंद, आत्ताच बुकिंग करा. बाईंनी बचत गटाच्या कर्जाचा अर्ज भरून पर्समध्ये ठेवला होता. रक्कम पंचेचाळीस हजार.

मी त्यांना म्हटलं, ताई, ऑक्टोबर खरा आहे, पण साल २०२५ आहे. विंडोज १० ला कंपनी १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सुरक्षेचे अपडेट देणार होती, हे तिने स्वतः जाहीर केलेलं. सांगणाऱ्याने महिना बरोबर सांगितला, साल गिळलं. अर्ज पर्समध्येच राहू दे.

त्या गेल्या, पण मला काही चैन पडेना. साल गिळणारे लोक तेव्हा वीस दिवसांत गावोगाव निघणार होते. म्हणून हे लिहितोय.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणाला शोध लावायची तसदी नको. माझं दुकान जुन्या कॉम्प्युटरचं आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरून जी मशीन काढून टाकतात ती मी आणतो, साफ करतो, एसएसडी टाकतो आणि चौदा-पंधरा हजारांत विकतो. विंडोज ११ च्या अटींनी माझा अर्धा माल एका फटक्यात 'अपात्र' होतो. तेव्हा मला झोंबतंय हे खरंच. पण हेही लक्षात घ्या की मला नवीन मशीनही विकता येतात, आणि त्यात मार्जिन बरं असतं. भीती विकायचीच म्हटली तर मलाही येते.

आता विंडोज ११ बद्दल. मी ऐकीव सांगत नाही. कंपनी रिलीजच्या आधी हौशी लोकांना कच्च्या आवृत्त्या वापरायला देते, त्या यादीत मी तेव्हा दोन वर्षांपासून होतो. २०२१ मध्ये २४ जूनला घोषणा झाली, २८ जूनला पहिली कच्ची आवृत्ती आली, त्याच आठवड्यात मी ती टाकली. टाकली कशावर? २०१७ सालच्या सेकंडहँड लॅपटॉपवर. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, साधी एसएसडी. अडीच महिने रोज वापरलं. बिलं, टॅली, व्हिडिओ कॉल, पोराची ऑनलाइन शाळा, सगळं त्यावरच.

दिसायला देखणं आहे, नाही म्हणणार नाही. खिडक्यांचे कोपरे गोल, नवीन आयकॉन, मऊ रंग. खिडकी मोठी करायच्या चौकोनावर माउस नेला की पडदा दोन-तीन-चार भागांत वाटून घ्यायचे नमुने समोर येतात, ती सोय मला मनापासून आवडली. एकीकडे एक्सेल, दुसरीकडे पीडीएफ ठेवून काम करणाऱ्याला त्याचं मोल कळेल. सेटिंगची पानंही आता शिस्तीत लागली आहेत.

पण हात मात्र अडखळतो. स्टार्टचं बटण कोपऱ्यातून मध्यावर आलं, ते परत डावीकडे नेता येतं म्हणून त्याचं काही नाही. खालची पट्टी मात्र तेव्हा खालीच. वर किंवा बाजूला ठेवायची वर्षानुवर्षांची सोय काढून टाकली होती. त्या पट्टीवर फाइल ओढून नेऊन प्रोग्रॅममध्ये सोडायची सोयही २०२१ मध्ये नव्हती. पट्टीवर राइट क्लिक केलं की टास्क मॅनेजर मिळायचा, तोही तेव्हा गेला होता. फाइलवर राइट क्लिक केलं तर कॉपी-पेस्टच्या जागी बारीक चित्रं, आणि खरी यादी 'आणखी पर्याय दाखवा'च्या मागे. दिवसाला दोनशेदा राइट क्लिक करणाऱ्या टायपिस्टला ही एक जादा क्लिक म्हणजे काय ते ठरवणाऱ्यांना माहीत नसावं. २०२१ मध्ये ब्राउझर बदलायचा तर एका बटणावर भागत नव्हतं, एकेका फाइल प्रकारासाठी वेगळं निवडावं लागायचं. आणि होम आवृत्ती पहिल्यांदा सुरू करतानाच इंटरनेट हवं, मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. ज्या वाडीवर फोनला रेंज यायला माळावर जावं लागतं तिथल्या शाळेत कॉम्प्युटरची पेटी उघडली तर पुढे काय करायचं, हे कुणी विचारलं का?

या सगळ्या सवयीच्या गोष्टी, होईल सवय. माझा राग त्यावर नाहीच.

माझा राग यावर आहे की ज्या लॅपटॉपवर मी हे अडीच महिने विनातक्रार चालवलं, तो लॅपटॉप विंडोज ११ साठी अपात्र आहे. कच्ची आवृत्ती चालवा, चुका शोधून द्या, अनुभव कळवा, तोपर्यंत चालेल. पक्की आवृत्ती आली की अशा मशीनवाल्यांनी विंडोज १० वर परत जायचं, असं कंपनीने जूनमध्येच सांगितलं होतं, आणि ऑगस्ट संपता संपता तसा निरोपही पडद्यावर यायला लागला. मांडव घालायला बोलवायचं आणि पंगत बसली की उठवायचं, यातला प्रकार.

अटी काय आहेत बघा. चार जीबी रॅम, ६४ जीबी जागा, दोन कोअरचा ६४ बिटचा प्रोसेसर. इथपर्यंत कुणाचीच तक्रार नाही, या अटी माझी दहा वर्षांपूर्वीची मशीनही पुऱ्या करतात. पुढे येतं टीपीएम २.०. ही मदरबोर्डवरची किंवा प्रोसेसरमधलीच एक छोटी तिजोरी समजा. पासवर्ड आणि कुलपाच्या किल्ल्या हार्ड डिस्कवर न ठेवता तिच्यात ठेवायच्या, म्हणजे चोराला सहजी मिळत नाहीत. चांगली गोष्ट आहे. बऱ्याच मशीनमध्ये ती आहेच, फक्त बायोसमध्ये बंद असते, दोन मिनिटांत चालू होते. जूनमध्ये कंपनीने तपासणीसाठी एक प्रोग्रॅम दिला होता, तो नुसतं 'चालणार नाही' म्हणायचा, का ते सांगायचाच नाही. लोक वैतागले, चार दिवसांत तो मागे घ्यावा लागला.

आणि मग खरी मेख. प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आठवी पिढी बाजारात यायला लागली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१७ च्या सुरुवातीला कुणी नवीकोरी, भारीतली, टीपीएम २.० असलेली मशीन घेतली असेल तरी ती बाद. गंमत बघा, जुलै २०१६ च्या अखेरीपासून नव्या मशीनमध्ये टीपीएम २.० बसवा, हे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेलं. त्यांनी बसवली. लोकांनी विकत घेतली. आता तीच तिजोरी असलेलं घर 'असुरक्षित' म्हणून यादीबाहेर!

बरं, सातव्या पिढीत काही तांत्रिक खोट आहे म्हणावं, तर २७ ऑगस्टला कंपनीने यादी थोडी वाढवली. त्यात सातव्या पिढीतला एक लॅपटॉपचा प्रोसेसर बसला, आय-सेव्हन ७८२० एचक्यू. तो कुठे असतो? मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलेल्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये. अमेरिकेत त्याची किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास सुरू व्हायची. आपल्या घरच्या महागड्या मशीनसाठी दार उघडलं, त्याच पिढीतल्या बाकीच्या लॅपटॉपांना दाराबाहेर ठेवलं. ड्रायव्हर नव्या पद्धतीचे आहेत वगैरे कारण दिलंय. मग नव्या पद्धतीचे ड्रायव्हर असलेल्या बाकीच्यांनाही घ्या की!

त्याच निवेदनात एक आकडा होता आणि तो सगळीकडे फिरला. अटी पूर्ण न करणाऱ्या मशीनवर कर्नल पातळीवरचे क्रॅश ५२ टक्के जास्त. ऐकायला भीतिदायक. पण टक्का कशाचा, हे बाजारात भाजी घेणारी बाईही विचारते. त्याच निवेदनात पुढे लिहिलंय की अटी पूर्ण करणाऱ्या मशीनवर ९९.८ टक्के अनुभव क्रॅशविना होता. दोन्ही आकडे अगदी एकाच मापाने मोजलेत असं मी म्हणत नाही. पण ढोबळ हिशेब मांडला तर हजारातले दोन जागी तीन झाले. त्या एका जादा क्रॅशसाठी लोकांनी पन्नास हजार काढायचे?

सुरक्षेचा मुद्दा खोटा आहे, असं म्हणणारा मी नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला तेव्हा मी दोन रात्री झोपलो नव्हतो, इतकी मशीन दुरुस्तीला आली होती. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्याने आपल्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल बंद पाडलं, कंटेनरांच्या रांगा लागल्या. पण वॉनाक्राय ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो टाकला ते वाचले. टीपीएम होतं म्हणून कुणी वाचलं नाही. म्हणजे सामान्य माणसाचं पहिलं संरक्षण वेळेवर येणारा अपडेट, आणि विंडोज ११ ची यादी नेमकं तेच काढून घेते. २०२५ नंतर ही मशीन फेकली जाणार नाहीत हो, आपल्याकडे कुणी चालती वस्तू फेकत नाही. ती अपडेटविना चालत राहतील. दाखल्यांच्या केंद्रात, शाळेत, पतसंस्थेत. सुरक्षेच्या नावाने असुरक्षित मशीनचा ढीग तयार करायचा, हे कुठलं शहाणपण?

मागचं दार ठेवलंय म्हणतात. जुन्या मशीनवर हाताने टाकायचं तर टाका, आम्ही अडवणार नाही, पण अपडेट मिळतीलच याची हमी नाही. घरात या, जेवायला वाढू की नाही ते बघू.

एक किस्सा २०२१ च्या सप्टेंबरमधला. २ सप्टेंबरला जगभर कच्ची आवृत्ती वापरणाऱ्यांच्या मशीनवर स्टार्ट मेनू आणि खालची पट्टी अचानक गोठली. त्यांनी काही केलं नव्हतं, अपडेटही टाकला नव्हता. कंपनीच्या सर्व्हरवरून एक निरोप आला आणि पट्टी आडवी. कंपनीने चूक कबूल करून उपाय सांगितला, ते ठीक. पण बाहेरच्या एका प्रोग्रॅमरने तो निरोप उकलून पाहिला तर ती टीम्सच्या नव्या सोयीची जाहिरात निघाली! माझं मशीन त्या दिवशी बंद होतं म्हणून मी सुटलो. कच्च्या आवृत्तीत चुका व्हायच्याच, त्यासाठीच ती असते. प्रश्न चुकीचा नाही. माझ्या टेबलावरच्या मशीनची पट्टी लांबून आलेल्या जाहिरातीवर अवलंबून का असावी, हा आहे.

आता आपल्याकडचं बोलू, कारण कंपनी अमेरिकेत आहे, ती माझी पोस्ट वाचणार नाही.

२०१५-१६ पासून जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' करायची लाट आली होती, आठवतंय ना? सरकारी पैसा थोडा, लोकवर्गणी जास्त. कुणी मुलाच्या नोकरीचा पहिला पगार दिला, कुणी बापाच्या वर्षश्राद्धाचा खर्च वाचवून दिला, यात्रा कमिटीने तमाशाचे पैसे दिले. त्यातून आलेली मशीन पाचव्या-सहाव्या पिढीची आहेत. २०२१ मध्ये दीड वर्ष शाळा बंद होत्या, खोलीला कुलूप, मशीनवर धूळ. शाळा उघडल्यावर ती पुसून, रॅम बघून, एसएसडी टाकून पुढची पाच वर्षं आरामात चालणारी होती. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी येऊन सांगणार की ही 'आऊटडेटेड' आहेत, नवीन घ्या. गावाला दुसऱ्यांदा वर्गणी मागायला कोण जाणार? मी तरी जाणार नाही.

आणखी एक धोका लोकांच्या ध्यानात आलेला नाही. विंडोज ११ ची ३२ बिटची आवृत्तीच नाही. ज्या छापखान्यांत आणि टायपिंगवाल्यांकडे डोंगल लावून चालणारं जुनं मराठी सॉफ्टवेअर आहे, किंवा ज्या प्रिंटरचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे, त्यांचं काय? मशीन पात्र असलं तरी काम अडेल. इंटरनेट एक्सप्लोररही काढून टाकलाय. बरं झालं, तो केव्हाच जायला हवा होता. पण आपल्या कितीतरी सरकारी पोर्टलवर डिजिटल सही करायची तर २०२१ मध्येही तोच लागायचा. एज ब्राउझरमध्ये जुन्या एक्सप्लोररसारखं चालवायची सोय आहे, पण ती शोधून चालू करावी लागते. ते ग्रामसेवक भाऊसाहेबांना कोण शिकवणार? नवीन मशीन उद्घाटनाच्या फोटोपुरतं आणि टेंडर भरायला परत जुनं, असं होऊ नये म्हणजे मिळवली.

"मग काय जुनंच कवटाळून बसायचं का?" हा प्रश्न येणार, मला माहितीय. तसं नाही. ज्याला घ्यायचंय, परवडतंय, त्याने जरूर घ्यावं. नवीन लॅपटॉप घेणाराच असाल तर तो विंडोज ११ ला पात्र आहे ना, एवढं विचारून घ्या. पण २०२१ मध्ये चिपच्या टंचाईने भाव चढले होते, आदल्या वर्षी पस्तीसला मिळणारं मशीन चाळीस-बेचाळीसला होतं, आणि दुकानातलं सगळंच पात्र होतं असंही नाही. घाई कुणाच्या फायद्याची, ते तुम्हीच ठरवा.

दुसरा प्रश्न, "चार वर्षं आहेत की अजून!" २०२१ मध्ये होती. शहरातल्या कंपनीला चार वर्षं म्हणजे पुष्कळ. शाळेला आयुष्यात एकदा मिळालेल्या मशीनला ती काहीच नाहीत. आणि २०२१ मध्ये जो माझ्याकडून सहाव्या पिढीचं मशीन पंधरा हजारांना घ्यायचा, त्याला मला सांगावं लागायचं की बाबा, याचं विंडोजवरचं आयुष्य चारच वर्षं. मी सांगायचो. गिऱ्हाईक जायचं कधीकधी.

त्यानंतर काय करायचं याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्स चालतं. तिथल्या 'काइट' या सरकारी संस्थेने शाळांसाठी स्वतःची आवृत्ती बनवली, शिक्षकांना शिकवलं, पोरं त्यावरच परीक्षा देतात. परवान्याचा खर्च नाही, जुन्या मशीनवर धावतं. आपल्या देशाच्या सी-डॅकने 'बॉस' नावाची लिनक्स आवृत्ती बनवली, तिच्यात मराठीही आहे. सी-डॅकचं मुख्यालय कुठे? पुण्यात! आणि आमच्या तालुक्यात एका शाळेत ती दिसेल तर शपथ.

आपण काय केलं? २००१ पासून एमएस-सीआयटी शिकवलं. वाईट नाही, लाखो पोरांनी माउस हातात धरला तो त्यामुळेच. पण शिकवलं ते मुख्यतः एकाच कंपनीचं. यातलं एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट, हे आजही निम्म्या पालकांना माहीत नाही, ते मायक्रोसॉफ्टच समजतात. त्यांची चूक म्हणावी का, मला प्रश्न पडतो.

जगात सगळ्यात जास्त ई-कचरा करणाऱ्या देशांत चीन आणि अमेरिकेच्या मागोमाग आपला नंबर लागतो. २०१९ सालचा आकडा ३२ लाख टन. त्यातला मोठा भाग कुठल्यातरी वस्तीत पोरं-बाया हाताने फोडतात, तारा जाळून तांबं काढतात. आता त्या ढिगात चालती मशीनही टाकायची का?

म्हणून आपल्या तालुक्यापुरतं सांगतो. पंचायत समितीत, नगरपालिकेत, शाळांत येत्या मार्चपर्यंत खरेदीचे प्रस्ताव येतील. त्यात 'विंडोज ११ सुसंगत नसल्याने बदलणे आवश्यक' असं वाक्य दिसलं की सदस्यांनी तिथेच हात वर करून विचारावं, की मशीन बंद पडलंय का? पडलं नसेल तर निर्लेखन कशाच्या आधारावर? आणि निघालेली मशीन जाणार कुठे, कुणाला, किती रुपयांना? हे तीन प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या. माहितीच्या अधिकारात मागायची वेळ आली तर अर्ज मी लिहून देतो, टायपिंग ताई करून देतील.

घरच्या मशीनचं घरीच बघता येतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, टीपीएम डॉट एमएससी टाइप करा, एंटर. आवृत्ती २.० दिसली की तिजोरी आहे. नाही दिसली तरी घाबरू नका, बायोसमध्ये बंद असेल. दुकानावर घेऊन या, अनंत चतुर्दशी झाली की सोमवारपासून संध्याकाळी पाच ते सात मी फुकट तपासून देतो. शाळांनी मशीन आणायची गरज नाही, यादी पाठवा, मीच एक दिवस येऊन जातो. चहा मात्र पाजा.